मक्यातून गेलेलं पाणी

मांडवगणला आमच्या रानात हिवाळ्यातली सकाळ एकदम उजाडायची नाही. नदीवरून धुकं चढून यायचं, उसात शिरायचं, उसातून बाहेर पडून बांधावरच्या बाभळी गिळायचं आणि शेवटी गोठ्याच्या दाराशी येऊन थांबायचं. गायींच्या धारा उरकून मी गोठा धुवायला घेतला की फरशीवरून वाफ उठायची. शेण, मूत, विहिरीचं कोमट पाणी आणि धुकं यांचं असं काही एकत्र व्हायचं, की आपण जाग्या आहोत की अजून गोधडीतच, हे मला कळायचं नाही. हातात खराटा चालू आणि डोळे अर्धे मिटलेले. पाणी मात्र आपल्या वाटेनं निघायचं. मोरीतून बाहेर, तिथून दंडात, म्हणजे मातीच्या पाटात, दंडातून मक्याच्या रानात. रंग गुळवणीसारखा. त्या वासानं शहरातली माणसं नाक धरतात, माझ्या डोळ्यांवर मात्र अजूनही त्यानं झापड येते.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. माझं लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझं माहेर दौंडच्या बाजूला. तिकडं काय आणि इकडं काय, आमच्या दोन्ही घरांत एक पिढी मागं मेंढरं होती. मग पाणी आलं, ऊस आला, माणसं एका जागी बसली. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मामांच्या दावणीला आता संकरित गायी होत्या, पण बोलण्यात मेंढरंच असायची. त्यांच्या तरुणपणी शेतकरी त्यांना बोलावून न्यायचे, रानात मेंढरं बसवायला. रात्रभर कळप त्या रानात बसायचा, लेंड्या आणि मूत मातीत मुरायचं, बदल्यात धान्य मिळायचं. "जिथं मेंढरू मुततं ना, तिथं माती समदं इसरून जाती," मामा म्हणायचे. मेंढरं गेली, पण ही श्रद्धा घरात राहिली. मेंढरांच्या जागी गोठ्याचं पाणी आलं, एवढाच फरक. कुठलंही रान दुखावलं की त्याला गोठ्याचं पाणी सोडायचं. उसानं दमलेलं असो, खतानं करपलेलं असो, औषधानं भाजलेलं असो, आमच्याकडं उपाय एकच होता.

आणि तो लागू पडतो असं दिसायचंही. आम्ही तेव्हा मक्यात तण मारायची पावडर मारायला लागलो होतो. खुरपायला बाया मिळेनात, निम्म्या कुरकुंभच्या कंपन्यांत जायला लागल्या होत्या. मग मका पेरला की ओल्या मातीवर पंपानं पावडरीचं पाणी मारायचं आणि मोकळं व्हायचं. मका सोडून त्या रानात काही उगवायचं नाही. ते झाडून ठेवल्यासारखं रान बघून मला कसंतरीच व्हायचं. पण दंडाच्या तोंडाशी, जिथं गोठ्याचं पाणी साचून राहायचं, तिथं थोड्याच दिवसांत घोळीची भाजी तरारून यायची. मामा काठीनं दाखवायचे. "बघ. पावडरीचं इख खाल्लं का न्हाई पाण्यानं?" मी बघायची, आणि मलाही ते पटायचं.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन आले तेव्हा गायीजवळ जायला भ्यायची. मेंढरांच्या घरातली मुलगी, गायीची लाथ मला ठाऊक नव्हती. अक्कांनी माझे हात आपल्या हातात धरून मला धार काढायला शिकवलं. त्यांचे हात खरबरीत आणि ऊन असायचे. पहाटे आम्ही दोघी एकाच गायीच्या दोन बाजूंना बसायचो. मधे गायीचं पोट, त्यामुळं तोंड दिसायचं नाही, नुसता आवाज यायचा. त्या आवाजात मला घरचं माणूस सापडलं. आजही अक्का आठवल्या की आधी आवाज आठवतो आणि मग तोंड. पुढं घरात वाटणी झाली. वरचं रान, गोठा आणि मामा आमच्याकडं आले, खालचं रान अक्कांकडं गेलं. विहीर सामाईक राहिली. पुरुषांनी मधे बांध घातला आणि दोघं भाऊ एकमेकांशी कामापुरतं बोलू लागले.

थोरले दीर सणसवाडीला कारखान्यात होते. तिथं भाड्याची खोली घेऊन राहायचे, सुट्टीला घरी यायचे. रान अक्काच बघायच्या. त्यांनाही सणसवाडीला न्यायचं दिरांच्या मनात होतं. "एकटी बाईमाणूस कशाला मरती त्या रानात?" ते म्हणायचे. "खोली हाय, नळ हाय, टीव्ही हाय. रान दिऊ वाट्यानं." अक्का एकदा त्या खोलीवर राहून आल्या होत्या. परत आल्यावर म्हणाल्या, "भिंतीपल्याड कोण हिंदीत खोकतं त्ये बी ऐकू येतं गं बाई." मी हसले, पण त्यांच्या डोळ्यांत हसू नव्हतं. शेवटी नवराबायकोत ठरलं ते असं. वाटणीनंतरचं पहिलं पीक कांद्याचं. कांदा लागला तर अक्का रानात राहणार, नाही तर संक्रांत झाली की भांडीकुंडी टेम्पोत घालून सणसवाडी. कांदा लावायचा तर आधी रोप हवं. म्हणजे त्या वर्षी सगळं त्या रोपावर येऊन ठेपलं होतं. खरं सांगायचं तर मला कांद्याचं काही नव्हतं. अक्का गेल्या तर मी कुणाशी बोलू, एवढंच माझ्या मनात यायचं.

दसरा झाल्यावर अक्कांनी रोपाचे वाफे केले, घरचं राखलेलं बी टाकलं. उगवलं, पण विरळ. रान नुकतंच उसातून निघालेलं, दमलेलं. ते बघून अक्का एक दिवस बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

"ताकाला यून भांडं लपवत न्हाई बघ," त्या म्हणाल्या. "थोडं दिस तुझ्या गोठ्याचं पाणी दे मला."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! त्यांनी मला इतकं दिलं होतं आणि माझ्यापाशी द्यायला काहीच नव्हतं. आता होतं. मी फावडं घेतलं आणि मक्याच्या रानातून सरळ बांधापर्यंत दंड ओढला. पलीकडून त्यांनी बांध फोडला. मामा काठी टेकत बघायला आले आणि म्हणाले, "भावकीत बांध फुटला की डोकी फुटत्यात. ह्या दोघी फोडून हसत्यात!" गोठ्याचं पाणी मक्यातून वळणं घेत खाली गेलं आणि अक्कांच्या वाफ्यात पसरलं. आम्ही दोघी काठावर बसून ते मुरताना बघत राहिलो. ऊन कोवळं होतं आणि कुणालाही कसलीच घाई नव्हती.

अक्कांनी पुन्हा बी टाकलं. या वेळी दाट उगवलं. केसांइतकी बारीक हिरवी पाती, अजून मान वाकवलेली. मग एक दिवस शेंडे पिवळे दिसले. पिवळ्याचे पांढरे झाले आणि एकेक पातं जमिनीवर आडवं झालं.

"जिमीन लईच दुखावलीया," मामा म्हणाले. "आजून पाणी सोडा."

आम्ही अजून सोडलं. पाणी वाढावं म्हणून मी गोठा संध्याकाळीही धुवायला लागले. गायी माझ्याकडं चमत्कारिक नजरेनं बघायच्या. त्या दिवसांत मला स्वप्नंही पाण्याचीच पडायची. गुळवणीच्या रंगाचं पाणी चाललंय, त्यावर धुकं तरंगतंय, मी अनवाणी त्याच्या मागं चाललेय, आणि पाणी जिथं जिथं टेकेल तिथं हिरवं होतंय. पलीकडं अक्का उभ्या. मी त्यांच्यापर्यंत कधी पोचायचीच नाही, पण त्याचं वाईट वाटायचं नाही, कारण पाणी पोचलेलं असायचं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं म्हणतात. आमचा बंब आगीपाशीच होता, फक्त त्यात काय भरलंय ते आम्हांला ठाऊक नव्हतं. तिसऱ्यांदा टाकलेलं रोप आधीच्यापेक्षा लवकर गेलं.

त्यानंतर एका सकाळी अक्का दोन्ही हातांत बादल्या घेऊन गोठ्याच्या दारात आल्या. धुक्यातून आधी बादल्या दिसल्या, मग त्या.

"दंड बुजव," म्हणाल्या. "आन् पाणी हितंच भरून दे मला."

भावकीत दंड बुजवणं म्हणजे काय, हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. तुमच्या रानातून येणारं पाणी आम्हांला नको, म्हणजे तुमचा उपकार नको, तुमचं येणं-जाणं नको. माणसं बोलणं तोडतात तेव्हा आधी दंड बुजवतात. माझा राग तसाही नाकावरच असतो.

"का?" मी विचारलं.

"असंच. बुजव."

"माझ्या गोठ्यातलं चालतं, आन् माझ्या रानातनं गेलेलं चालत न्हाई व्हय?" मी म्हणाले. "बरं हाय की, अक्का! उद्या हिरीत बी भिंत घाला मधी."

अक्का वळल्या. मोरीशी बसून बादल्या भरल्या आणि मक्याला वळसा घालून, बांधाबांधानं, लांबच्या वाटेनं निघून गेल्या. पाणी त्यांच्या लुगड्यावर हिंदकळत होतं. मी फावड्यानं दंड असा बुजवला, की मामा घरातून विचारायला आले, काय पुरतीयास म्हणून. माझ्या रागाचं असं आहे. तो येतो तेव्हा मला फार बरं वाटतं आणि नंतर दिवसभर घास उतरत नाही.

मग आम्ही बोलेनाशा झालो. अक्का रोज सकाळी यायच्या, बादल्या भरायच्या, जायच्या, पुन्हा यायच्या. मी पाठ करून गव्हाण झाडत राहायची. धुक्यात त्या थोड्या पुढं गेल्या की दिसायच्या नाहीत, बादलीच्या कड्यांचा तेवढा आवाज यायचा. तो ऐकायचा नाही असं मी ठरवायची आणि पार विहिरीपर्यंत ऐकत राहायची. मला वाटायचं, त्यांनी सणसवाडीला जायचं मनानं ठरवलंय आणि आता माया तोडतायत. ते मनात आलं की हातातला खराटा थांबायचा.

असंच एकदा वैरण काढायला मी कडब्याच्या गंजीवर चढले होते. धुकं विरत होतं. वरून मला पहिल्यांदाच दोन्ही रानं एकदम दिसली. खाली अक्कांचे वाफे होते. जळालेला पट्टा दंडाच्या तोंडाशी रुंद होता आणि पुढं निमुळता होत गेला होता. पाणी जसं पसरत गेलं, अगदी तसा. जिथं पाणी पोचलं नव्हतं, त्या वरच्या कोपऱ्यात पहिल्या वेळचं विरळ रोप अजून हिरवं उभं होतं. मी कडब्याची पेंढी तशीच धरून बघत राहिले. चांगलं पाणी पोचलं तिथंच कसं जळलं, हे मला काही उलगडेना.

उलगडलं ते रात्रीच्या जेवणाला. आमचे हे तेव्हा कुरकुंभला एका केमिकल कंपनीत पाळीवर जायचे. रानाचा विषयही नव्हता, ते आपल्या कामाचंच सांगत होते. टाक्या धुवायचं काम किती अवघड असतं ते.

"साध्या पाण्यानं न्हाई निघत," ते म्हणाले. "चिकटलेलं असतंय. पाण्यात काय तरी कालवायला लागतं, तवा ते सुटतं आन् पाण्यासंगं भाईर येतं."

माझा हात ताटातच थांबला. हाताला लागलेलं तेल नुसत्या पाण्यानं जात नाही, डाळीचं पीठ लावलं की सुटतं, हे कुठल्या बाईला माहीत नसतं? तणाची पावडर मक्याच्या मातीला धरून बसली होती. विहिरीच्या साध्या पाण्यानं ती फारशी हलत नसणार. माझ्या गोठ्याचं शेणामुताचं पाणी तिला सोडवत होतं, आपल्या पाठीवर घेत होतं आणि मी खणलेल्या दंडानं अक्कांच्या कोवळ्या रोपात नेऊन ठेवत होतं. मी जितकी माया लावून गोठा धूत होते, तितकं जास्त विष खाली जात होतं.

त्यातलं शास्त्र मला आजही कुणाला नीट समजावून सांगता येणार नाही. मामांचं अगदीच खोटं होतं असंही नाही. दंडाच्या तोंडाशी पाणी साचायचं तिथं घोळ उगवायची, ती माझ्या डोळ्यांनी पाहिलेली. म्हणजे ते पाणी विष खातही असलं पाहिजे. पण खायला बसावं लागतं. मेंढरू रात्रभर एका जागी बसतं, त्याचं मूत तिथंच मुरतं. गोठ्याचं पाणी बसत नाही, चालतं. आणि चालता चालता जे सुटेल ते उचलून नेतं. मेंढरांची रीत आम्ही पाण्याला लावली होती.

सकाळी मी चार बादल्या भरून दारात उभी राहिले. अक्का आल्या. चार बादल्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कळलं व्हय तुला?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.  अक्कांनी आपल्या दोन उचलल्या, मी माझ्या दोन, आणि आम्ही मक्याला वळसा घालून निघालो. धुकं इतकं होतं की पुढं चालणाऱ्या अक्का मधेच नाहीशा व्हायच्या आणि मधेच उमटायच्या. बादलीची कडी बोटांत रुतत होती. मला वाटत होतं, ही वाट संपूच नये.

कोपऱ्यातल्या त्या विरळ रोपाशेजारची, दंडाचं पाणी न पोचलेली जागा अक्कांनी आधीच भुसभुशीत करून ठेवली होती. त्यात आम्ही वाहून आणलेलं पाणी मुरवलं, राख मिसळली आणि उरलंसुरलं बी टाकलं. ते शेवटचं होतं. जळालेल्या वाफ्यांनाही थोडंथोडं पाणी देत राहिलो, पण आळी करून, बसवून. उन्हाळ्यापर्यंत तिथंही तण माजलं, आणि मांडवगणात तण बघून आनंद झालेल्या आम्ही दोघीच असू. पुढच्या मक्याला आम्ही पावडर मारली नाही असं मात्र नाही. मारली. खुरपायला बाया तेव्हाही नव्हत्या. दंड तेवढा आम्ही मक्याच्या बाहेरून वळवला.

संक्रांतीला थोरले दीर आले ते टेम्पो घेऊनच. टेम्पो बांधाच्या कडेला उभा राहिला तेव्हा मी गोठ्यातून बघत होते. दीर वाफ्याशी गेले. कोपऱ्यातलं रोप बोटभर उंच, दाट, गर्द हिरवं झालं होतं. ते खाली बसले, एक रोप उपटून त्याच्या मुळ्या बघितल्या, पुन्हा जागेवर खोचलं. मग टेम्पोवाल्याला चहा पाजून त्यांनी परत लावून दिलं. जाताना अक्कांना म्हणाले, "ऱ्हा मग." त्यांना बहुधा याहून जास्त बोलता येत नव्हतं.

लागण उशिराच झाली, रोप अर्ध्याच रानाला पुरलं. त्या दिवशी आम्ही दोघी वाफ्यात शेजारी शेजारी उकिडव्या बसून एकेक रोप चिखलात खोचत होतो. ऊन वर आलं होतं. बरेच दिवस मनात असलेलं मी विचारलं.

"अक्का, मी गंजीवरनं बघितलं, तरी रातच्याला जेवताना कुठं मला कळलं. तुम्ही रोज वाफ्यात, पाणी टेकतं तिथंच रोप जळतं हे तुम्हाला त्याच्या कितीतरी आधी कळलं हुतं. मी एवढं तोंडाला यील ते बोलले. तवाच का न्हाई सांगितलं?"

अक्का खाली बघून रोपं खोचत राहिल्या.

"तुझ्या पाण्यानं माझं रोप जळलं, असं म्या म्हणलं असतं," त्या म्हणाल्या, "तर ते तुझ्याजवळ ऱ्हायलं असतं व्हय? मामांनी ऐकलं असतं, ह्या दोगा भावांनी ऐकलं असतं, भावकीत गेलं असतं. आन् तू ल्हान तोंड करून बसली असतीस जलमभर. रोप काय गं. रोप परत टाकता येतं."

मला हुंदका आवरला नाही. मी चिखलाच्या हातांनी तोंड झाकून रडले, आणि अक्कांनी माझ्या पुढ्यातल्या राहिलेल्या ओळीत रोपं खोचायला घेतली.